मीटर नाही, तरी घरातल्या स्पीकरचा आवाज किती डेसिबल आहे हे कसं ओळखायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात घरी स्टिरिओ, साउंडबार किंवा होम थिएटर लावणाऱ्या मंडळींकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. कुणी कोथरूडच्या जुन्या सोसायटीत राहतं, कुणी वाकडच्या विसाव्या मजल्यावर, पण काळजी एकच असते: आपण लावतो तो आवाज कानाला आणि शेजाऱ्यांना सोसवणारा आहे ना? त्यासाठी आवाज मोजणारा मीटर असलाच पाहिजे असं नाही.

मीटरशिवाय काढलेला अंदाज कितपत बरोबर असतो?

नीट काढला तर ३ ते ५ डेसिबल इकडे-तिकडे, आणि घरच्या कामाला तेवढा पुरतो. आवाज ७४ आहे की ७७, यानं तुमचा निर्णय बदलत नाही. ७५ आहे की ९०, यानं नक्की बदलतो, आणि हा फरक खाली दिलेल्या कुठल्याही पद्धतीनं कळतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. मीटरशिवाय नेमका आकडा काढणं अवघड आहे, पण दोन आवाजांतला फरक काढणं सोपं आहे. 'कालच्यापेक्षा ६ डेसिबल कमी' हे तुम्ही जवळजवळ खात्रीनं सांगू शकता. म्हणून एकदा एक पातळी पक्की करा आणि पुढचं सगळं तिच्या तुलनेत मोजा.

डेसिबलचे आकडे कसे वाचायचे?

३ डेसिबल वाढवायचे तर ॲम्प्लिफायरला दुप्पट वीज द्यावी लागते, आणि कानाला मात्र 'थोडा वाढला' एवढंच वाटतं. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वीज. १ डेसिबलचा फरक बहुतेकांना लक्ष देऊन ऐकल्यावरच कळतो.

ओळखीच्या खुणा अशा: खिडक्या बंद करून रात्री शांत बेडरूममध्ये ३० ते ३५. जोरात फिरणारा पंखा ४० ते ५०. समोरासमोर बसून साध्या आवाजातल्या गप्पा एका मीटरवर ६० च्या आसपास. मिक्सरमध्ये चटणी वाटताना एका मीटरवर ८० ते ९०. मिक्सर लागला की घरातले सगळे बोलायचे थांबतात, ते उगाच नाही.

हाताशी काहीच साधन नाही. सगळ्यात सोपी पद्धत कुठली?

माणसाचा आवाज. नेहमीच्या आवाजात गाणं लावा आणि जिथं बसून ऐकता तिथंच दोघं हातभर अंतरावर बसा. आता बोला.

नेहमीच्या आवाजात बोलणं सहज चाललंय, 'काय म्हणालास?' असं कुणी विचारत नाही, तर तुम्ही साधारण ७० च्या खाली आहात. आवाज थोडा चढवावा लागतोय तर ७५ ते ८० च्या घरात. हातभर अंतरावरच्या माणसालाही ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलावं लागतंय तर ८५ च्या आसपास किंवा वर आहात, असं धरा. शेवटची खूण कामगारांच्या कानांच्या सुरक्षिततेवर काम करणारी अमेरिकेतली निऑश ही सरकारी संस्थाही सांगते. कारखान्यात लागू पडते, तशी हॉलमध्येही लागू पडते.

यात एक मेख आहे. भोवती आवाज वाढला की आपण नकळत मोठ्यानं बोलायला लागतो, आणि आपल्याला वाटतं की आपण नेहमीसारखंच बोलतोय. फ्रेंच डॉक्टर एतियेन लोंबार यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी हे नोंदवलं, म्हणून त्याला लोंबार परिणाम म्हणतात. त्यामुळे बोलणाऱ्यानं स्वतः निकाल देऊ नये. तिसऱ्या माणसाला स्वयंपाकघरात उभं करा. गाणं चालू असताना दोन वाक्यं बोला, मग गाणं एकदम बंद करून बोलणं तसंच चालू ठेवा. आतून 'अरे, ओरडताय कशाला?' असं आलं, तर निकाल लागला.

गाण्याच्या कुठल्या भागावर अंदाज घ्यायचा?

सगळ्यात जोरकस भागावर. ख्याल ऐकणाऱ्यांनी तर हे फार जपावं. विलंबितातली आलापी हळुवार असते. तानपुऱ्याची जवारी आणि गळ्यातला बारकावा ऐकू यावा म्हणून आपण नॉब वाढवतो. अर्ध्या तासानं द्रुत सुरू होतं, तबला मोकळा सुटतो, ताना येतात, आणि नॉबला हातही न लावता आवाज सहज १० डेसिबलनं वर जातो. तोवर कान रुळलेले असतात, त्यामुळे वाढ जाणवतही नाही.

सवाई गंधर्व महोत्सवात मांडवात बसून ऐकल्यासारखं घरी ऐकू यावं, असं पुष्कळांना वाटतं. त्यांनी आधी द्रुताचा भाग लावून नॉब ठरवावा आणि मग रेकॉर्डिंग सुरुवातीपासून ऐकावं. आलापी हळू वाटली तर पंखा कमी करा, खिडकी लावा. खोली शांत झाली की तोच आवाज भरदार लागतो.

अलीकडची चित्रपटगीतं उलट असतात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास एकाच जोरात, म्हणून कुठलाही भाग घेतला तरी चालतो.

फोनवरचं ॲप चालेल का?

चालेल, पण आकड्यावर डोळे मिटून विश्वास नको. आयफोनच्या एकाच मॉडेलमधले मायक्रोफोन एकमेकांच्या बरेच जवळ असतात, आणि निऑशनं काढलेलं ध्वनिमापक ॲप आयफोनवर चांगलं चालतं. अँड्रॉइडमध्ये कंपनी आणि मॉडेलप्रमाणे मायक्रोफोन बदलतो, शिवाय बरेच फोन बोलणं स्पष्ट यावं म्हणून आवाज आपोआप वर-खाली करतात. एकाच टेबलावर ठेवलेले दोन फोन वेगवेगळा आकडा दाखवतात ते त्यामुळे. ॲपल वॉच असेल तर त्यातलं नॉइज ॲपही अंदाजापुरतं उपयोगी आहे.

मोजताना मायक्रोफोनच्या भोकावर बोट किंवा कव्हर येऊ देऊ नका. फोन बसायच्या जागी कानाच्या उंचीवर धरा. क्षणाक्षणाला उडणारा आकडा न बघता मिनिटभराची सरासरी बघा. कुणा मित्राकडे खरा मीटर असेल तर दोन्ही शेजारी धरून एकदा पडताळा घ्या. तुमचा फोन ५ कमी दाखवत असेल, तर मध्यम आवाजाला पुढंही तो साधारण तेवढाच कमी दाखवेल. फार मोठ्या आवाजाला मात्र फोनचा मायक्रोफोन हात टेकतो आणि आकडा एका ठिकाणी अडकून बसतो.

स्पीकरच्या माहितीपत्रकावरून हिशेब करता येतो का?

येतो, आणि मला हीच पद्धत सगळ्यात आवडते, कारण तिच्यात आपल्या ॲम्प्लिफायरमधून खरोखर किती बाहेर पडतंय ते कळतं. लागणाऱ्या गोष्टी तीन: स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, एक मल्टिमीटर आणि १०० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा, म्हणजे फाइलमध्ये मावेल तेवढ्या कमाल जोराचा, सलग टोन. टोनची फाइल इंटरनेटवर फुकट मिळते.

सेन्सिटिव्हिटी म्हणजे स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले तर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात. घरगुती बुकशेल्फ स्पीकरला हा आकडा बहुधा ८४ ते ८८ असतो. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट. स्पीकर ४ ओहमचा असेल तर त्याच व्होल्टेजला २ वॅट जातात. म्हणून माहितीपत्रकातला आकडा '१ वॅटला' आहे की '२.८३ व्होल्टला', ते नीट बघा. ४ ओहमला दोन्हींत ३ डेसिबलचा फरक पडतो. छापलेला आकडा दोन-तीन डेसिबलनं फुगवलेलाही असू शकतो, तेवढी सूट मनात धरा.

आता कृती. नेहमीचं गाणं नेहमीच्या आवाजात लावा आणि नॉबच्या कडेला कागदी चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून खूण करा. फोनवरून वाजवत असाल तर फोनचा आवाजही जिथं आहे तिथंच राहू द्या. बास, ट्रेबल सरळ करा, लाउडनेसचं बटण बंद करा. ॲम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या वायरी काढा. हे विसरू नका, कारण पूर्ण पातळीचा टोन स्पीकरवर वाजवला तर स्पीकरही जाईल आणि कानही. ॲम्प्लिफायर परत सुरू करा, नॉब खुणेवर आहे ना ते बघा, टोन लावा आणि एका चॅनेलच्या लाल-काळ्या टर्मिनलमधलं एसी व्होल्टेज मोजा. मल्टिमीटरची टोकं एकमेकांना किंवा दुसऱ्या चॅनेलला लागू देऊ नका. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, ॲम्प्लिफायर असेल तर ही पद्धत वापरूच नका, तो स्पीकरशिवाय चालवायचा नसतो.

समजा मल्टिमीटरवर ४ व्होल्ट आले आणि स्पीकर ८७ चा, ८ ओहमचा आहे. व्होल्टेज दुप्पट झालं की ६ डेसिबल वाढतात, दीडपटीच्या आसपास गेलं की ३. तेव्हा ४ व्होल्ट म्हणजे ८७ अधिक ३, म्हणजे ९०. हा झाला पूर्ण पातळीचा आवाज. गाणं सतत पूर्ण पातळीवर नसतं. स्ट्रीमिंगवरची आजची गाणी सरासरीनं सुमारे १४ डेसिबल खाली असतात, म्हणून ९० वजा १४ म्हणजे ७६. ख्यालाच्या रेकॉर्डिंगला १८ ते २० वजा करा. स्पीकर दोन आहेत, ३ मिळवा: ७९. तुम्ही अडीच मीटरवर बसता, त्याचे साधारण ५ वजा करा: ७४.

म्हणजे तुमचं नेहमीचं ऐकणं ७४ च्या आसपास आहे, आणि तबल्याची थाप किंवा ड्रमचा ठोका क्षणभर त्याच्या दहा-पंधरा वर जातो. आता वीज बघा. ८ ओहमला ४ व्होल्ट म्हणजे २ वॅट, तेही पूर्ण पातळीला. सरासरी त्याच्या पंचविसाव्या हिश्श्याइतकी, म्हणजे ०.०८ वॅट. हॉल भरून टाकणाऱ्या गाण्याला एका स्पीकरमागे एक दशांश वॅटही लागत नाही!

दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर चालेल का?

पिवळ्या रंगाचे जे साधे डिजिटल मल्टिमीटर मिळतात, त्यांत एसीची सगळ्यात खालची रेंज बहुधा २०० व्होल्टची असते. तिथं एक-दोन व्होल्ट मोजणं भरवशाचं नाही. एसी २ किंवा २० व्होल्टची रेंज असलेला, नाहीतर स्वतःच रेंज निवडणारा घ्या. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या बाजूला गेलात तर दुकानदाराला 'एसीत खालची रेंज किती?' एवढंच विचारा, तो बरोबर काढून देईल.

माझा ॲम्प्लिफायर १०० वॅटचा आहे. यावरून आवाज सांगता येईल?

नाही. तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो, एवढंच त्यातून कळतं. ५० ऐवजी १०० वॅटचा घेतला तरी वरची मर्यादा फक्त ३ डेसिबलनं वाढते. जुन्या टेपरेकॉर्डरवर हजारांत छापलेले पीएमपीओ वॅट, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचे फुगवलेले आकडे, तर कशालाच धरू नका.

नॉब बारा वाजता आहे, म्हणजे अर्धा आवाज ना?

नॉबच्या जागेचा आणि डेसिबलचा थेट संबंध नसतो. तोच नॉब, तीच जागा, पण फोनऐवजी सीडी प्लेअर जोडला तर आवाज बराच वेगळा येतो. नॉबवरची खूण एका ठरावीक जोडणीपुरतीच खरी.

होम थिएटरच्या एव्ही रिसीव्हरवर (सगळे स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरवर) 'उणे २५' असं दिसतं. ते काय?

रिसीव्हर आणल्यावर सोबतचा छोटा मायक्रोफोन लावून सेटिंग केलं असेल, तर तुमच्याकडे मीटरचं काम आधीच झालेलं आहे. त्या सेटिंगनंतर शून्य म्हणजे सिनेमागृहाची संदर्भ पातळी. त्या पातळीला प्रत्येक मुख्य चॅनेलचा कमाल आवाज १०५ पर्यंत जाऊ शकतो. सिनेमातले संवाद शून्यावर साधारण ७५ ते ८० ला येतात, म्हणून उणे २० वर ते ५५ ते ६० ला, म्हणजे घरातल्या गप्पांइतके. फ्लॅटमध्ये बहुतेक लोक उणे ३० ते उणे १५ मध्ये स्थिरावतात, ते त्यामुळेच.

मायक्रोफोनचं सेटिंग केलंच नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. एक सुट्टीची दुपार काढा, पंखे बंद करा आणि ते करून टाका.

साउंडबार किंवा ब्लूटूथ स्पीकरचं काय?

सेन्सिटिव्हिटी छापलेली नसते, आत व्होल्टेज मोजता येत नाही. बोलण्याची पद्धत आणि फोन, एवढ्यावर भागवा.

खोलीमुळे किती फरक पडतो?

बराच. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं घटतो. खोलीत तसं होत नाही. नेहमीच्या आकाराच्या हॉलमध्ये स्पीकरपासून अर्धा ते एक मीटर पुढं गेलं की थेट येणाऱ्या आवाजापेक्षा भिंतींवरून परतणारा आवाज भारी ठरायला लागतो. तिथून पुढं मागं सरकलात तरी आवाज फारसा उतरत नाही. वरच्या हिशेबात अडीच मीटरला ८ न धरता ५ धरले, ते म्हणून.

हिंजवडी, वाकड, बाणेरच्या नव्या इमारतींत चारही भिंती काँक्रीटच्या, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, समोर काचेचं सरकतं दार. नुकतं राहायला गेलेलं घर असेल तर टाळी वाजवली तरी खणखणते. अशा खोलीत आवाज वाढतो आणि कर्कशही होतो, तिथं ५ ऐवजी ३-४ च वजा करा. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांनी भरलेलं कपाट आलं की निवळतं. पेठेतल्या वाड्यात लाकडी तक्तपोशी असेल तर खोली आवाज बराच पिते, पण बास जमिनीतून थेट खालच्या बिऱ्हाडात उतरतो. दोन्हीकडे नॉब एकाच जागी ठेवून चालणार नाही.

हळू लावलं की गाण्यात दमच वाटत नाही. मग काय करायचं?

हा स्पीकरचा दोष नाही, कानाची ठेवणच तशी आहे. आवाज कमी झाला की कानाला खर्ज मधल्या सुरांपेक्षा जास्त वेगानं कमी ऐकू येतो. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेख प्रसिद्ध केले. आज आयएसओ २२६ या मानकात त्यांची सुधारलेली आवृत्ती आहे. जुन्या ॲम्प्लिफायरवरचं लाउडनेसचं बटण याचसाठी असतं. दिवसा हळू ऐकायचं असेल तर ते दाबा, नाहीतर बास थोडा चढवा. पूर्ण आवाज वाढवण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

याचा अंदाजालाही उपयोग होतो. ओळखीच्या गाण्यातला डग्गा किंवा बास गिटार एकदम अंगात आल्यासारखी वाटायला लागली, तर तुम्ही बहुधा ७५-८० च्या वर गेला आहात.

किती आवाज किती वेळ ऐकला तर चालतो?

निऑशची कामगारांसाठीची मर्यादा ८५ ला दिवसाचे ८ तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना वैयक्तिक ऐकण्याच्या उपकरणांसाठी आणखी सावध आहे. मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास, मुलांसाठी ७५ ला ४० तास. घरी मी हीच दुसरी मर्यादा धरायला सांगतो. दिवसभराचा कर्वे रोडचा नाहीतर सातारा रोडचा गोंगाट कानांनी आधीच सोसलेला असतो.

ऐकून उठल्यावर कानात बारीक शिट्टी वाजत असेल किंवा कापूस घातल्यासारखं वाटत असेल, तर कुठल्याही आकड्याची गरज नाही. आवाज जास्तच होता. घरी करण्यासारखी एक परीक्षा: ऐकायला बसण्याआधी भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक किती पावलांवरून ऐकू येते ते बघून ठेवा. उठल्यावर पंखे तसेच बंद ठेवून पुन्हा बघा. जवळ जावं लागलं तर कान तात्पुरते बधिर झाले आहेत, आणि हे वारंवार होऊ देणं बरं नाही.

लहान मुलं स्पीकरजवळ खेळत बसतात. चालेल का?

नको. सोफ्यावर ७४ असेल तर स्पीकरपासून अर्ध्या मीटरवर बसलेल्या पोराच्या कानाशी साधारण ८४ असतो. आई-बाबांना सोफ्यावर बसून याचा पत्ताही लागत नाही. स्पीकर मोठ्यांच्या कानाच्या उंचीला आणि मुलांच्या खेळायच्या कोपऱ्यापासून दूर ठेवा. अंदाज घेताना एकदा तिथं खाली मांडी घालून बसा, म्हणजे मूल काय ऐकतंय ते कळेल.

शेजाऱ्यांची तक्रार आली. कायदा काय सांगतो?

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयांच्या भोवतीचा किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, तिथं ५० आणि ४०. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये.

पण शेजाऱ्यांना छळतो तो बहुधा बास, आणि या नियमांचं मोजमाप ए-वेटिंगनं, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारा खर्ज कमी धरून, होतं. त्यात १०० हर्ट्झला सुमारे १९ आणि ५० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबल वजा होतात. म्हणून ॲपवर आकडा कायद्यात बसणारा दिसतो आणि शेजारच्या काकूंच्या उशीत मात्र धडधड चालू असते. दोघंही खरं बोलत असतात.

यावर सगळ्यात चांगला मीटर म्हणजे स्वतः काकू. सिंहगड रोडवरच्या एका मित्रानं हे माझ्यासमोर केलं. रात्री साडेनऊला त्यानं शेजारी फोन लावला.

"काकू, बेडरूममध्ये आहात ना? आता येतोय आवाज?"

"येतोय की रे. गाणं नाही कळत, पण धडधड येतीये."

त्यानं सबवूफरचा, म्हणजे फक्त बास वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरचा, आवाज दोन घरं कमी केला.

"आता?"

"अजून थोडी आहे."

सबवूफर भिंतीच्या कोपऱ्यातून काढून हातभर पुढं ओढला, खाली जाड रबरी पॅड सरकवले.

"आता काही नाही बघ. लावलंयस ना अजून?"

त्यानं तिथंच नॉबवर आणि सबवूफरवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या. मुख्य आवाज जराही कमी करावा लागला नाही. कोपऱ्यात ठेवलेल्या सबवूफरचा बास भिंतींमुळे वाढतो आणि तो नुसत्या जमिनीवर ठेवला तर स्लॅब हादरतो. या दोन गोष्टी सुधारल्या की अर्धी भांडणं मिटतात.

गणपतीत घरच्या आरतीचा आवाज किती होतो?

बोलण्याची कसोटी लावून बघा. हॉलमध्ये झांजा, टाळ, घंटा एकत्र वाजायला लागल्या की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. म्हणजे ८५ च्या वर नक्की. आरती पाच-दहा मिनिटांत संपते, म्हणून मोठ्यांना घोर नको, पण तान्ह्या बाळाला तेवढा वेळ आतल्या खोलीत ठेवा. विसर्जन मिरवणुकीची गोष्ट वेगळी. लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांत सीओईपी या पुण्यातल्या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी वर्षानुवर्षं आवाज मोजत आले आहेत, आणि ढोल-ताशा व डीजेच्या भिंतींसमोर आकडे शंभरीला भिडतात. तिथं जाताना इअरप्लग खिशात असू द्या, आणि दुसऱ्या दिवशी घरी स्पीकर जपून लावा.

या पद्धती हेडफोनला चालतील?

नाही. आयफोनला एअरपॉड्स जोडले असतील तर फोनच पातळी दाखवतो. बाकीच्यांनी शांत खोलीत बसून, फोनच्या आवाजाच्या पट्टीच्या साठ टक्क्यांपलीकडे न जाणं बरं.

आजोबा टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवतात. त्यांना कसं समजवायचं?

आधी हे समजून घ्या की वयानं बहुधा वरच्या पट्टीचं ऐकणं आधी जातं. स, श, त, क यांसारखी व्यंजनं निसटतात, त्यामुळे त्यांना आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाहीत. मग ते आवाज वाढवतात, आणि वाढवूनही शब्द कळतातच असं नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करण्याचा पर्याय असेल तर तो सुरू करा, बास कमी करा. एक छोटा स्पीकर त्यांच्या खुर्चीशेजारी हाताच्या अंतरावर ठेवा. चार मीटरवरच्या टीव्हीपेक्षा अर्ध्या मीटरवरचा स्पीकर त्यांच्या कानाला पुष्कळ जास्त आवाज देतो, आणि बाकीच्या घराला फार कमी. तेवढ्यावर भागलं नाही तर ऑडिओलॉजिस्टकडे नेऊन ऑडिओग्राम काढून घ्या. अर्ध्या-पाऊण तासाचं काम असतं, आणि कुठल्या पट्टीत किती डेसिबल कमी ऐकू येतं ते दोन्ही कानांचं वेगवेगळं कागदावर मिळतं.